साडेसहा नंबरचा डावा हात

रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे फुगेवाली म्हणत. हे नाव तिने कधी मिरवलं नाही आणि कधी नाकारलंही नाही, कारण काम तसंच होतं. डॉक्टर लोक ऑपरेशनच्या वेळी घालतात ते पातळ मोजे ती एकेक करून नळीवर चढवायची, हवा सोडायची आणि पाचही बोटं टम्म फुगली की दिव्यासमोर धरून फिरवायची. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिच्या नजरेतून सुटायचं नाही. एकतीस वर्षं हेच. नव्याने लागलेल्या पोरी गंमत करायच्या, "ताई, आमच्याकडे वाढदिवस आहे, दोन-चार फुगवून द्या ना." ती मान वर न करता म्हणायची, "देते की. पण तपासल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही, वाढदिवस उद्यावर गेला तरी चालेल."

या कामाने तिला एक खोड लावली होती. माणूस भेटला की ती आधी त्याचा हात बघायची, चेहरा नंतर. बसमध्ये दांडीला धरलेले हात, दुकानात सुटे पैसे देणारे हात. हा सात, हा साडेसात, ही सहाची नाजूक पण बोटं लांब. एकदा एक मोठे सर्जन कारखाना बघायला आले होते. त्यांनी स्वतःचं माप सात सांगितलं. ही पटकन बोलून गेली, "साहेब, तुमचा डावा सात आहे, उजवा साडेसात. मोजा उजव्यालाच काचत असेल." सर्जन क्षणभर आपल्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वीस वर्षं काचतोय."

तिची आईसुद्धा याच कारखान्यात होती, साच्यांच्या रांगेवर. चिनी मातीचे पांढरे हात साखळीला उलटे टांगलेले असतात, बोटं खाली. ते रबराच्या चिकाच्या हौदात बुडून वर येतात, भट्टीतून फिरतात आणि शेवटी बायका त्यांच्यावरचे तयार मोजे सोलून काढतात. आई सोलायला होती. ही नऊ वर्षांची असताना एके दिवशी आई डबा घरी विसरून गेली. शाळेला सुट्टी होती, म्हणून ही डबा घेऊन कारखान्यात गेली. फाटकावरच्या माणसाने ओळखून आत सोडलं. आत यंत्रांचा असा गदारोळ, की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ नये. दारातून तिने हाक मारली, "आई." मग पुन्हा, जोर लावून. आईने मान वळवली.

त्यानंतरचं तिला एवढंच आठवत होतं, की साखळी थांबली आणि सगळीकडे शांत झालं. इतकं शांत, की हौदात चीक ठिबकताना ऐकू येत होता. आईच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका साखळीच्या चाकात दुसऱ्या पेरापाशी तुटल्या होत्या.

पोरीला कुणी काही विचारलं नाही. फाटकावरच्या माणसाने तिला घरी पोचवलं, हातात डबा तसाच. घरी धाकटी मावशी होती. संध्याकाळी तिने तोच डबा उघडला, आणि पोर उपाशी आहे म्हणून भरवायला बसली. ती मुकाट्याने जेवली. आपण हाक मारली होती हे तिने मावशीला सांगितलं नाही. आईला कधी विचारलं नाही. आईनेही विषय काढला नाही.

आई दोन महिन्यांनी कामावर परतली. तिला बसून करायचं काम दिलं, खोकी चिकटवायचं. तेव्हापासून तिचा डावा हात सदा ॲप्रनच्या खिशात. घरी, दुकानात, फोटोत, सगळीकडे खिशात. रस्ता ओलांडताना ती बाजू बदलायची, म्हणजे पोरीचा हात उजव्या हातात येईल. तो डावा हात फुगेवालीच्या हाती पहिल्यांदा आला तो आईच्या शेवटच्या आजारपणात, अंग पुसून काढताना. साडेसहा नंबरचा, हलका, कोमट, सुरकुतलेला. मधलं बोट तुटक्या बोटांच्या रिकाम्या जागेकडे कललं होतं, शेजार शोधत असल्यासारखं. आई जाऊन आता सहा वर्षं झाली होती. फुगेवालीचं लग्न झालं नव्हतं. मावशीही एकटीच. दोघी त्याच दोन खोल्यांत राहायच्या. मावशी शिवणकाम करायची, ही कारखान्यात जायची, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी कारखान्याने तपासणी आणि पॅकिंग विभागांची सहल काढली. आधी बस, मग तासभर होडी आणि पुढे चुनखडीच्या डोंगरातल्या दोनशे चौदा पायऱ्या. वर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची गुहा. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. झाडांवरून वेली लोंबत होत्या, बुटांत जळवा शिरत होत्या आणि पॅकिंगमधली तिची जाडी मैत्रीण प्रत्येक दहाव्या पायरीला सहल काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

गुहेच्या तोंडाशी वाटाड्या उभा होता. किडकिडीत, पन्नाशी उलटलेला, ऊन नसतानाही छत्री बाळगणारा. "छत्री उन्हासाठी नाही," तो म्हणाला. "आत वर वटवाघळं आहेत. जास्त सांगत नाही."

आत पाऊल टाकलं आणि तिला पहिल्यांदा जाणवला तो वास. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र, नाकात चढणारा वास. बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले. ती मात्र जागच्या जागी थांबली, कारण कारखान्यात चिकाच्या हौदाजवळ हुबेहूब असाच वास येतो. चिकात अमोनिया घालतात त्याचा. क्षणभर तिला वाटलं, वळून बघितलं तर मागे फाटक असेल.

शंभरेक पावलांवर भिंत होती. वाटाड्याने बॅटरी वर केली आणि पोरींची बडबड थांबली. भिंतभर हात होते. हात भिंतीवर टेकवून तोंडाने त्यावर लाल रंग फुंकलेला, आणि हात काढल्यावर त्याची मोकळी जागा तेवढी उरलेली. वर, खाली, एकमेकांवर, सगळे बोटं पसरून.

"म्हणजे हे हात नाहीत," जाडी मैत्रीण म्हणाली, "हात नव्हते तिथली जागा आहे."

"उलट," वाटाड्या म्हणाला. "हात होता तीच ही जागा."

सवयीने तिचं मनातल्या मनात सुरू झालं. सात, साडेसहा, आठ, हा आठचा माणूस दांडगा असणार. आणि खांद्याच्या उंचीवर, भिंतीपुढच्या कठड्यापलीकडे वीतभर अंतरावर, तो दिसला. साडेसहा नंबर. डावा. करंगळी आणि अनामिका दुसऱ्या पेरापाशी संपलेल्या.

ती कठड्यापर्यंत पुढे सरकली. वाटाड्या सांगत होता, की असे अपुऱ्या बोटांचे हात इथे आहेत. कुणी म्हणतात बोटं तुटली होती, कुणी म्हणतात खूण म्हणून दुमडून धरली होती. खरं काय ते हात ठेवणाऱ्यालाच ठाऊक. मग तो म्हणाला, "आता एक मिनिट सगळे दिवे बंद. मोबाइलसुद्धा. त्या माणसांचा अंधार कसा होता तो बघा. जागचं कुणी हलू नका."

दिवे गेले. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कळेना इतका काळोख. कुणीतरी खुसखुसलं, मग तेही थांबलं. वर कुठेतरी पंखांची सळसळ झाली. आणि तिच्या उजव्या हातात एक हात आला.

तिने तो झटकला नाही. आधी वाटलं मैत्रीण घाबरली. पण मैत्रिणीचा हात आठ नंबरचा, गादीसारखा. हा लहान होता. कोमट, किंचित ओलसर. अंगठा तिच्या हातावर आला, मग दोन बोटं आली आणि त्यांच्यापुढे बोथट अशी दोन टोकं टेकली. आयुष्यभर हातच हाताळलेल्या बाईची यात फसगत होणं शक्य नव्हतं. त्या हाताने दाब दिला नाही की ओढलं नाही. नुसता धरून राहिला, रस्ता ओलांडण्यापूर्वी धरतात तसा.

"झालं मिनिट," वाटाड्या म्हणाला आणि उजेड झाला.

तिच्या उजवीकडे कठडा होता. कठड्यापलीकडे भिंत. माणूस उभा राहील एवढी जागाच तिथे नव्हती. जाडी मैत्रीण डावीकडे चार पावलांवर चष्मा पुसत होती.

परतीच्या होडीत तिने सगळ्यांचे हात पाहिले. अकरा बायका, तीन पुरुष, नावाडी. प्रत्येकाची दहाच्या दहा बोटं शाबूत. मैत्रिणीने विचारलं, "काय गं, काय मोजतेस?" ती म्हणाली, "माणसं. कुणी मागे राहायला नको."

त्यानंतरचे पंधरा दिवस काही खरे नव्हते. मोजा नळीवर चढला, फुगला, की तिची नजर करंगळीवर जाऊन थांबायची. ती पूर्ण आहे ना, अनामिका आहे ना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने चांगले मोजे बाद केले, एका दिवसात चाळीस. सुपरवायझरने बोलावून सांगितलं, "डोळे तपासून घ्या ना एकदा. सगळ्यांचंच होतं या वयात." तिने घेतले. डोळ्यांत काही दोष नव्हता. घरी मावशीशी बोलताना ती उजवा हात खिशात ठेवू लागली. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला भीती वाटली.

तिसऱ्या रविवारी मावशीला मैत्रिणीकडे जाते असं सांगून ती एकटीच गुहेकडे गेली.

वाटाड्याने ओळखलं. "होडीत माणसं मोजणाऱ्या बाई ना? नावाड्याने सांगितलं मला."

त्या दिवशी गर्दी नव्हती. ती म्हणाली, "मला फक्त तो अंधार हवाय. एक मिनिट."

त्याने कारण विचारलं नाही. त्याच जागी नेलं, दिवा मालवला आणि स्वतः दहा पावलं मागे जाऊन उभा राहिला. तिने उजवा हात थोडासा पुढे धरून ठेवला. काही झालं नाही. एक मिनिटाची पाच मिनिटं झाली. तिचा हात दुखायला लागला. वास तेवढा होता.

दिवा लागला तेव्हा तिचे गाल ओले होते. वाटाड्याने दुसरीकडे बघत छत्री झटकली. "मी इथे चोवीस वर्षं आहे," तो म्हणाला. "मला आजवर वटवाघळांशिवाय कुणी हात लावलेला नाही. पण लोक सांगतात एकेक. मी ऐकतो आणि कुणाला खोटं पाडत नाही."

काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने त्या हाताकडे बोट केलं. "हिची बोटं दुमडलेली नाहीत. तुटलेलीच आहेत."

"कशावरून?"

"मधलं बोट बघा. सरळ नाही. रिकाम्या जागेकडे झुकलंय. बोटं दुमडली तर मधलं बोट ताठ होतं, हे बघा." तिने स्वतःचा डावा हात करून दाखवला. "आणि तुटून वर्षं गेली, की ते हळूहळू तिकडे कलतं. लगेच नाही. म्हणजे बोटं गेल्यावरही ही बाई पुष्कळ जगली."

वाटाड्याने बॅटरी त्या बोटावर धरली. मग त्याने खिशातून छोटी वही काढून तिचा फोन नंबर लिहून घेतला.

महिन्याभराने एका बाईंचा फोन आला. त्या विद्यापीठातल्या, या गुहेवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या. चार रविवार येऊन सगळ्या हातांची मापं सांगाल का, असं विचारत होत्या. त्यांच्याजवळ यंत्रं होती, फोटो होते, पण वीस हजार हात पाहिलेला माणूस नव्हता. "वीस हजार मी एका पंधरवड्यात बघते," फुगेवाली म्हणाली. त्यात बढाई नव्हती, तो हिशेबच होता.

ती गेली. प्राध्यापिका साठीच्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या, कडक बोलणाऱ्या होत्या. एक हात दाखवायच्या, ही माप सांगायची, डावा-उजवा सांगायची, त्या लिहायच्या. "हा आणि तो वरचा, एकाच माणसाचे." "खात्री?" "अंगठ्याचं मूळ बघा ना." दुपारी गुहेच्या तोंडाशी बसून दोघी डबा खायच्या. एकदा प्राध्यापिकांनी विचारलं, "तो मधल्या बोटाचा मुद्दा तुम्हाला सुचला कसा? आम्ही इतकी वर्षं बघतोय." ती म्हणाली, "घरात एक हात होता तसा." त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि तिला त्यांचं ते वागणं आवडलं.

चौथ्या रविवारी दोघी भिंतीच्या अगदी तळाशी गेल्या. तिथे वाकून नव्हे, पालथं पडून बघावं लागत होतं. जुना चिखल कुणीतरी अलीकडेच साफ केला होता. प्राध्यापिकांचे गुडघे वाकेनात, म्हणून हीच बॅटरी घेऊन सरपटली. तिथे पुन्हा तोच हात होता. साडेसहा, डावा, मधलं बोट कललेलं. त्याला खेटून, अंगठ्याला अंगठा लागेल असा, आणखी एक हात. त्याला नंबर नव्हता. एवढ्या लहान हाताचे मोजे कुणी बनवतच नाही.

"काय आहे?" वरून आवाज आला.

"पोर आहे," ती म्हणाली. "आठ-नऊ वर्षांचं. तिच्या शेजारी."

तशीच ती पडून राहिली. त्या बाईला दुसरा, धडधाकट हात होता. रंग फुंकायला पोराशेजारी बसली तेव्हा तोही तिला ठेवता आला असता. तिने हाच ठेवला. हे फुगेवालीच्या डोक्यात आलं आणि मग काही केल्या जाईना. चिखलाच्या गार वासात तिला आईच्या ॲप्रनचा खिसा दिसत होता. प्राध्यापिकांनी दोनदा विचारलं, बऱ्या आहात ना. तिसऱ्यांदा त्या तिचे पाय धरून ओढायलाच लागल्या, तेव्हा ती बाहेर आली.

त्या संध्याकाळी मावशी मशीनवर एका पडद्याची कड घालत होती. ही समोर स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आधी गुहा, मग अंधारातला हात, आणि शेवटी ते एकेचाळीस वर्षांपूर्वीचं. "मी हाक मारली होती, मावशी. दोनदा. म्हणून तिने मान वळवली."

मशीन थांबलं. मावशीने सुईतून कापड सोडवलं. "तिने मला सांगितलं होतं, की साखळीत एक मोजा अडकला होता, तो ओढायला हात घातला. हाकेचं काही बोलली नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. आणि तुझी हाक तिला ऐकू तरी आली असती का? मी चार महिने काढलेत त्या रांगेवर. शेजारची बोंबलली तरी कळायचं नाही."

"तिने वळून पाहिलं. मी बघितलंय."

"मग पाहिलं असेल."

"म्हणजे माझ्यासाठी खोटं बोलली?"

मावशीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तुझी आई खोटं बोलायची, ते खरंय. औषध घेतलं म्हणायची आणि खिडकीतून टाकायची. पण खरंही बोलायची. यातलं ते कुठलं, हे मी आता कशी सांगू, पोरी?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि त्या दिवशी मी तुला तोच डबा भरवला. घरात दुसरं काही नव्हतं. माझ्याही लक्षात आहे तो."

मावशीने सोडवलेलं कापड फुगेवालीने घडी करून ठेवलं. मग मावशीनेच विचारलं, "मला दाखवशील का गं ते?"

मावशीचं वय सत्तरीच्या घरात, एक गुडघा कामातून गेलेला. तरीही पुढच्या रविवारी दोघी निघाल्या. होडीत मावशीने नावाड्याशी भाड्यावरून हुज्जत घातली आणि उतरताना त्यालाच आशीर्वाद दिला. चौऱ्याहत्तराव्या पायरीवर ती बसली. "बस्स. याच्यापुढे माझ्याने होणार नाही. तू जाऊन ये."

ती गेली नाही. मावशीशेजारीच बसली. वरून वाटाड्या पाच-सहा पाहुण्यांना घेऊन उतरत होता. त्याने छत्री उंचावून नमस्कार केला. मावशीने त्याला थांबवून विचारलं, "वर ती बाई आहे ना, लहान पोर घेऊन?"

"आहे," तो म्हणाला. "कुठे जाणार?"

मावशीने मान हलवली, जशी शेजारणीची खुशाली कळल्यावर हलवतात. पाहुणे खाली गेले. झाडीत किडे किरकिरत होते, डोंगराच्या तोंडातून गार हवेची झुळूक मधूनच खालपर्यंत येत होती आणि तिच्याबरोबर तो वास. मावशीलाही तो ओळखू आला. तिने फुगेवालीकडे पाहिलं. गुडघा चोळत राहिली.

होडीची वेळ झाली तशा दोघी उठल्या. मावशीने भाचीच्या खांद्यावर भार टाकला आणि पायऱ्या घडवणाऱ्याला माणसाचे पाय केवढे असतात ते ठाऊक नव्हतं, असं बडबडत उतरू लागली. वीसेक पायऱ्या उतरल्यावर ती थांबली.

"मागून कुणी येतंय का गं?"

फुगेवालीने वळून पाहिलं. वळणापर्यंत सगळ्या पायऱ्या मोकळ्या होत्या. "नाही."

"मला वाटलं आपलं."

जिना चांगला रुंद होता, तीन माणसं सहज मावतील असा. त्या दोघी मात्र कठड्याला लागून, एका बाजूने उतरत राहिल्या, मागच्याला वाट द्यावी तशा.